गणपतीची आरती आणि टेक्सासचा सामना

पत्र: आम्ही कोलंबसजवळ राहतो. मागच्या गणपतीत, ३० ऑगस्टच्या शनिवारी, मंडळाची दुपारची आरती चालू असताना आमचा सोळा वर्षांचा मुलगा आणि त्याचे चार मित्र पार्किंगमध्ये गाडीत बसून फोनवर ओहायो स्टेट विद्यापीठाचा अमेरिकन फुटबॉलचा सामना बघत होते. माझे सासरे, अप्पा, तेव्हा पुण्याहून आले होते. ते सगळ्यांदेखत ओरडले, मुलगा उलट बोलला, आणि तेव्हापासून व्हिडिओ कॉलवर दोघं एकमेकांना टाळतात. अप्पा आता पुन्हा यायचे आहेत. मुलगा म्हणतो, कॉलेज ओहायो स्टेटच, दुसरीकडे अर्जसुद्धा करणार नाही. गेल्या महिन्यात मित्राने पाठवलेला कसल्यातरी पैजेचा फोटो त्याच्या फोनवर दिसला. हे म्हणतात, वय आहे, जाऊ दे. धाकटी बारा वर्षांची आहे, शाळेच्या संघात बास्केटबॉल खेळते, तिचा काही त्रास नाही. मुलाचं हे वेड आवरायचं कसं?

उत्तर: ताई, आधी एक कबुली देतो. मी गेली बावीस वर्षं मिशिगन विद्यापीठाच्या गावी, ॲन आर्बरला राहतोय, म्हणजे तुमच्या चिरंजीवांच्या लेखी शत्रूच्या गोटातला. नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात, आमच्याविरुद्धच्या सामन्याआधी, तुमच्याकडच्या विद्यापीठात इंग्रजी 'एम' दिसेल तिथे लाल पट्ट्या चिकटवून फुली मारतात, ती आमच्या मिशिगनच्या नावाने. (मराठी मंडळाच्या पाटीवर दोन 'एम' आहेत. त्या आठवड्यात पाटी आत घेतलेली बरी.) तेव्हा माझा सल्ला या फुलीसकटच वाचा.

३० ऑगस्टचा तो सामना असातसा नव्हता. हंगामातला पहिलाच. समोर क्रमवारीत पहिला असलेला टेक्सास, इकडे आदल्या वर्षीचे विजेते, आणि मैदान तुमच्या घरापासून अर्ध्या तासावर, लाखभर माणसं मावणारं. दुपारी बाराला सुरू झाला आणि ओहायो स्टेटने १४-७ असा जिंकला. त्या वेळेला आरती ठेवली ही चूक मंडळाची, असं माझं स्पष्ट मत आहे. चतुर्थी त्या वर्षी २७ ऑगस्टला, बुधवारी होती. तिथी सोडून आपण सोयीचा शनिवार धरलाच ना? मग सकाळचे साडेनऊ का नाही? असे सामने वर्षानुवर्षं आधी ठरलेले असतात. यंदाचंच बघा. चतुर्थी १४ सप्टेंबरला, सोमवारी आहे, आणि आदल्या शनिवारी, १२ तारखेला, ओहायो स्टेट परतफेडीच्या सामन्यासाठी टेक्सासला ऑस्टिनमध्ये जाणार आहे. मंडळाच्या कार्यकारिणीला आत्ताच कळवा, रविवार धरा म्हणावं. रविवारी क्लीव्हलंडचा व्यावसायिक फुटबॉल संघ, ब्राउन्स, खेळतो, पण ब्राउन्ससाठी आरती चुकवणारा माणूस मला अजून भेटलेला नाही. २०१७ मध्ये सोळापैकी सोळा सामने हरलेला संघ आहे तो. त्याच्या चाहत्यांना आरतीची गरज इतरांपेक्षा जास्त.

ब्राउन्सचं नाव निघालंच आहे तर सांगतो. व्यावसायिक संघ मालकाचा असतो. मालकाच्या मनात आलं की बिऱ्हाड हलतं. ब्राउन्सचा मालक १९९६ मध्ये संघ उचलून बाल्टिमोरला घेऊन गेला. क्लीव्हलंडकडे फक्त नाव, रंग आणि जुना इतिहास राहिला, नवा संघ मिळायला १९९९ उजाडलं. ओकलंडचे हाल तर विचारू नका: २०१९ मध्ये बास्केटबॉलचा संघ खाडीपलीकडे सॅन फ्रान्सिस्कोला गेला, २०२० मध्ये फुटबॉलचा लास वेगासला, आणि २०२४ च्या हंगामानंतर बेसबॉलचाही गेला. एका शहराने पाच-सहा वर्षांत तीन संघ घालवले. विद्यापीठाला असं कुणी उचलून नेत नाही. ओहायोत लहानाचा मोठा झालेला मुलगा ओहायो स्टेटला धरून बसतो तो म्हणूनच. तो संघ कुठेही जाणार नाही, हे त्याला माहीत आहे.

मी इथे आलो त्या पहिल्या हिवाळ्यात एका मित्राने उरलेलं तिकीट दिलं म्हणून मैदानावर गेलो होतो. नियम कळत नव्हते, पायांत साधे बूट, नाक गळतंय. शेजारच्या अनोळखी म्हाताऱ्याने थर्मासमधली कॉफी पुढे केली आणि मला समजावू लागला, चार संधींत दहा यार्ड, नाहीतर चेंडू समोरच्यांचा. दुकानात, ऑफिसात, बसमध्ये सगळे मला विचारायचे, मूळचा कुठला? त्याने तीन तासांत एकदाही विचारलं नाही. तुमच्या मुलाला हा प्रश्न सोळा वर्षांत किती वेळा ऐकावा लागला असेल, याचा अंदाज तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त असेल.

आता अप्पा. त्यांचं वय पत्रात नाही, पण पुण्यातले म्हणजे त्यांनी बाळ ज. पंडितांचं समालोचन ट्रान्झिस्टर कानाला लावून ऐकलेलंच असणार. कचेरीतल्या खणात तो ट्रान्झिस्टर कसा लपवायचे, हे त्यांना नातवासमोर विचारा. आणि या वेळी नातवाला काम द्या: अप्पांना खेळ शिकवायचा. सुरुवात कसोटी क्रिकेटपासून करायला सांगा. प्रत्येक चेंडूआधी कर्णधार क्षेत्ररचना बदलू शकतो आणि फलंदाज ती वाचतो, तसंच इथे प्रत्येक चालीआधी दोन्ही बाजू मांडणी करतात आणि चढाईचा सूत्रधार असलेला क्वार्टरबॅक समोरची मांडणी वाचून आयत्या वेळी बेत फिरवतो. म्हणून तर खेळ सारखा थांबतो. 'हे काय, पळतात कमी आणि उभेच जास्त' हा अप्पांचा पहिला आक्षेप असणार, लिहून देतो.

शक्य झालं तर त्यांना बँडसाठी घेऊन जा. ओहायो स्टेटचा बँड, नुसती पितळी वाद्यं आणि ढोल, १९३६ पासून मैदानावर चालता चालता 'ओहायो' हे नाव वळणदार इंग्रजी अक्षरांत लिहितो आणि शेवटी सूझाफोन हे भलंमोठं पितळी वाद्य वाजवणारा एक विद्यार्थी ठुमकत येऊन 'आय'वरचं टिंब होऊन उभा राहतो. त्या टिंबासाठी लाखभर लोक उठून ओरडतात. लक्ष्मी रस्त्यावर पथकांचा ताल ऐकत वाढलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. मिशिगनचा माणूस असूनही हे लिहितोय, याची नोंद घ्यावी.

तुमचे यजमान आणि त्यांचे मित्र पार्टीत म्हणत असतील, 'आता कॉलेजच्या खेळात काही राम नाही, पोरं पैशासाठी संघ बदलतात.' हे मी आमच्याकडच्या प्रत्येक दिवाळी पार्टीत ऐकतो आणि बोलणारा गृहस्थ बहुतेक वेळा दर दोन वर्षांनी दहा टक्क्यांसाठी कंपनी बदललेला असतो. जुलै २०२१ पासून खेळाडूंना आपलं नाव आणि चेहरा वापरून जाहिरातीतून कमावता येतं. २०२५ च्या जुलैपासून विद्यापीठंही थेट पैसे देऊ शकतात, पहिल्या वर्षाची मर्यादा प्रत्येक विद्यापीठाला साधारण दोन कोटी पाच लाख डॉलर. प्रशिक्षक मात्र कित्येक वर्षांपासून लाखो डॉलर घेत होते आणि हवे तेव्हा नोकरी सोडून जात होते, तेव्हा कुणाला राम आठवला नाही. या मोकळीकीमुळे काय होतं ते बघायचं असेल तर इंडियानाकडे बघा. हरण्यासाठीच ओळखला जाणारा संघ. त्यांच्याकडे फर्नांडो मेंडोझा हा क्वार्टरबॅक बर्कलीच्या संघातून आला, वर्षातल्या सर्वोत्तम कॉलेज खेळाडूचा हाइझमन करंडक घेऊन गेला आणि या जानेवारीत इंडियाना एकही सामना न हरता विजेता झाला. डिसेंबरमध्ये त्यांनी तुमच्या ओहायो स्टेटला १३-१० हरवलं होतं. मुलाला त्याची आठवण करून देऊ नका.

माझी तक्रार दुसरीच आहे. टीव्हीच्या पैशापायी विद्यापीठांनी भूगोल मोडला. आपल्या दोघांच्या कॉन्फरन्सचं, म्हणजे विद्यापीठांच्या गटाचं, नाव बिग टेन, संघ अठरा, न्यू जर्सीपासून सिॲटलपर्यंत. अटलांटिक किनाऱ्याच्या नावाच्या कॉन्फरन्समध्ये पॅसिफिक किनाऱ्यावरचे स्टॅनफर्ड आणि बर्कली. आणि बारा संघांची बाद फेरी आल्यापासून शेवटच्या शनिवारची, म्हणजे आपल्या दोघांच्या सामन्याची, धार गेली. २०२४ मध्ये आम्ही कोलंबसला जाऊन तुम्हाला १३-१० हरवलं, पूर्वीच्या पद्धतीत तिथेच तुमचं वर्ष संपलं असतं. तुम्ही जानेवारीत नोत्र दामला ३४-२३ हरवून विजेते झालात. मला हे अजून पचलेलं नाही. गेल्या नोव्हेंबरात तुम्ही आमच्याच अंगणात, बर्फात, २७-९ने हिशेब चुकता केलात. आमच्या संघाला विरोधकांच्या खुणा चोरून टिपल्याबद्दल कॉलेजच्या खेळांचं नियमन करणाऱ्या एनसीएएने ठोकलेला दंडही मी लपवत नाही. झालं समाधान?

इथे इतर वाचकांसाठी एक थांबा. तुमचा मुलगा किंवा मुलगी खेळात खरोखर चांगली असेल आणि एच-४ (नोकरदाराच्या कुटुंबीयांच्या) किंवा एफ-१ (विद्यार्थ्यांच्या) व्हिसावर असेल, तर कुणी जाहिरातीसाठी शंभर डॉलर दिले तरी सही करण्याआधी इमिग्रेशनच्या वकिलाला विचारा. अमेरिकन सहकाऱ्याला जे सहज चालतं ते तुमच्या मुलाच्या बाबतीत विनापरवाना काम ठरू शकतं. आणि खेळाच्या शिष्यवृत्तीवर घराचा हिशेब बांधू नका. आयव्ही लीगची विद्यापीठं खेळासाठी शिष्यवृत्ती देतच नाहीत, एनसीएएच्या तिसऱ्या डिव्हिजनचीही नाहीत.

'ओहायो स्टेटच' या हट्टाची एवढी काळजी नको. फुटबॉलसाठी विद्यापीठ निवडतोय म्हणून तुम्ही धास्तावला आहात, पण त्याने निवडलंय ते तुमच्या राज्याचं विद्यापीठ. राज्यातल्या मुलांची शिक्षण फी तिथे बाहेरच्यांच्या साधारण एक तृतीयांश असते. मंडळातल्या कुणाकुणाची मुलं दुप्पट-तिप्पट पैसे भरून याच तोडीच्या जागी शिकताहेत, ते तुम्हाला ठाऊक असेलच. एवढंच करा: आणखी तीन अर्ज भरायला लावा आणि त्याला ज्या विषयात जायचंय त्या विभागात एक दिवस बसवून या. सामन्याच्या शनिवारी नव्हे, फेब्रुवारीतल्या एखाद्या मंगळवारी.

पैजेच्या बाबतीत मात्र मी तुमच्या यजमानांच्या विरुद्ध आहे. ते जाऊ द्यायचं नाही.

पार्ले म्हटलं की आपल्याला बिस्किटं आठवतात. मुलाच्या पिढीला दुसरं पार्ले माहीत आहे, पैजेतलं. चार-पाच अंदाज एका माळेत ओवायचे, सगळे खरे ठरले तर दहा डॉलरचे दोनशे, एक चुकला की माळ तुटली. तुम्ही पाहिलेला फोटो बहुधा अशाच माळेचा असणार, कारण जिंकलेलीच माळ लोक मित्रांना पाठवतात. २०१८ च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने राज्यांना मोकळीक दिली, ओहायोत १ जानेवारी २०२३ पासून फोनवर पैजा कायदेशीर झाल्या. वयाची अट २१. सोळाचा मुलगा खेळत असेल तर बहुधा एकविशी पार केलेल्या कुणाच्या तरी खात्यावरून. शिवाय कॅल्शीसारखे, सामन्यांच्या निकालांवरही पैसे लावता येणारे, भाकितांचे बाजार आहेत, तिथे अठराव्या वर्षीच दार उघडतं, म्हणजे डॉर्मवर पाऊल ठेवायच्या आतच.

ओरडू नका, फोन जप्त करू नका. कागद-पेन्सिल घेऊन बसा. साध्या पैजेत ११० लावून जिंकलात तर ते परत मिळून वर १०० सुटतात. मग नुसतं बरोबरीत राहायला शंभरातले किती अंदाज खरे यायला हवेत? गणित त्यालाच करू द्या, उत्तर बावन्नच्या पुढे येतं. आणि माळेत हे नुकसान दर मण्यागणिक वाढत जातं. त्याला जॉन्टे पोर्टरबद्दल विचारा, तो नक्की सांगेल: टोरंटो रॅप्टर्सचा बास्केटबॉलपटू, स्वतःच्याच कामगिरीवरच्या पैजांना मदत केली म्हणून एप्रिल २०२४ मध्ये एनबीएने कायमचा बाहेर काढला. अप्पा आले की त्यांना मटक्याबद्दल बोलू द्या. पुण्या-मुंबईच्या त्या पिढीतल्या प्रत्येकाला मटक्याने बसलेलं एखादं घर माहीत असतं आणि नातवाने ऐकायला ते आईच्या भाषणापेक्षा बरं. पैसे लपवणं, उसने घेणं दिसलं तर मात्र वाट बघू नका, १-८००-४२६-२५३७ हा मदतीचा क्रमांक आहे, पालकांनीही फोन केलेला चालतो.

आता तुम्ही न विचारलेलं. पत्रात मुलाबद्दल डझनभर ओळी आहेत. धाकटीबद्दल एक. खेळ बघणाऱ्यावर घरात एवढं महाभारत आणि खेळणारीचा 'काही त्रास नाही'. तिच्या किती सामन्यांना घरातलं कोण गेलं होतं? २०२४ मध्ये मुलींच्या कॉलेज बास्केटबॉलचा अंतिम सामना, केटलिन क्लार्कची आयोवा आणि साउथ कॅरोलायना, सुमारे १ कोटी ८९ लाख लोकांनी पाहिला. मुलांचा अंतिम सामना त्याहून जवळपास चाळीस लाख कमी लोकांनी. क्लार्क हरली, तरी त्या रात्री आमच्या शेजारची दहा वर्षांची मुलगी अंधारात ड्राइव्हवेवर लांबून चेंडू टाकत होती. माझ्या बायकोने चहा गाळता गाळता विचारलं, 'आपली का नाही खेळत?' मला उत्तर देता आलं नाही. आमची तेव्हा बाराची होती आणि मी तिला कधी विचारलंच नव्हतं.

धाकटीच्या सामन्यांचं वेळापत्रक शाळेकडून घ्या आणि फ्रिजवर ओहायो स्टेटच्या शेजारी लावा. अप्पा आले की पहिल्याच आठवड्यात त्यांना आणि मुलाला एकत्र पाठवा, शेजारी बसवा, मुलाला नियम समजावू द्या. जाताना दोन उशा द्या बरोबर. शाळेच्या जिममधल्या त्या लाकडी बाकांना पाठ नसते, दुसऱ्या क्वार्टरला कंबर बोलायला लागते.