विजयदुर्गचा किल्ला दोन तासांत बघून झाला. तिथे किल्ल्याशिवाय काय आहे? तिथे खरंच जहाजं बांधायचे का?

बांधायचे. आणि तुम्ही म्हणता तसा किल्ला दोन तासांत बघून झाला असेल, तर मुख्य गोष्ट राहून गेली. माझं आजोळ त्याच पट्ट्यातलं, तेव्हा थोडा पक्षपात गृहीत धरा.

किल्ल्यापासून दोन-तीन किलोमीटर आत, वाघोटन खाडीला लागून गिर्ये गावाजवळ कातळ फोडून केलेली गोदी आहे. लोक तिला आंग्र्यांची गोदी म्हणतात; आंग्रे म्हणजे मराठ्यांचं आरमार सांभाळणारं घराणं. लांबी सुमारे १०९ मीटर, रुंदी ७०. चारशे-पाचशे टनांची जहाजं इथे लागत. पंप वगैरे काही नव्हतं, सगळा कारभार भरती-ओहोटीचा. उधाणाला जहाज आत घ्यायचं, ओहोटीला पाणी उतरलं की तोंड बंद करायचं आणि तळ उघडा पडला की सुतारांनी लागायचं कामाला: किडलेल्या फळ्या बदलायच्या, फटींत कापूस ठोकायचा, वरून राळ-तेल. गुराबा आणि गलबतं हे आरमाराचं मुख्य बळ. गुराब दोन-तीन डोलकाठ्यांची आणि तोफांची, तर गलबत हलकं, वारा पडला तरी वल्ह्यांवर पळणारं.

लाकूड सागाचं. 'आंबे-फणस तोडू नका, रयतेने ती झाडं लेकरांसारखी वाढवली आहेत' हा मजकूर शिवरायांचं पत्र म्हणून सारखा फिरत असतो. तो रामचंद्रपंत अमात्यांच्या 'आज्ञापत्र' या राज्यकारभारावरच्या ग्रंथातला आहे, आणि विषय नेमका हाच, आरमारासाठी लाकूड कुठून आणायचं. एखादं झाड जुनं झालं असेल तर धन्याला राजी करून, पैसे देऊन तोडावं, असंही तिथेच आहे. जहाज बांधणं रयतेच्या परड्यापर्यंत पोचत होतं ते असं.

इतिहास थोडक्यात: १६५३ मध्ये किल्ला शिवरायांकडे, पुढे आंग्र्यांकडे. १७२० साली इंग्रज आणि १७२४ साली डच हात हलवत परत गेले. १७५६ च्या फेब्रुवारीत मात्र इंग्रजांचे वॉटसन आणि क्लाइव्ह चालून आले, तेही पेशव्यांशी संगनमत करून. बंदरातल्या एका जहाजाला आग लागली आणि ती पसरत जाऊन तुळाजी आंग्र्यांचं आरमार जळालं. या एका गोष्टीवरून कोकणात आजही पेशव्यांना शिव्या बसतात, आणि मला त्यात फारसं चूक वाटत नाही. त्यानंतर पेशव्यांचं आरमार इथेच आनंदराव धुळपांच्या हाताखाली उभं राहिलं. १८१८ ला तेही संपलं.

गावाचं काय झालं हे कुणी विचारत नाही. गाबीत, भंडारी, मुसलमान खलाशी, सुतार, लोहार, शिडं शिवणारे, काथ्याचे दोर वळणारे, सगळ्यांची चूल आरमारावर पेटायची. ते गेल्यावर कुणी मासेमारीत गेलं, कुणी मालाच्या गलबतांवर, आणि पुढे बरेचसे मुंबईला. मुंबई-गोवा आगबोट विजयदुर्गला थांबायची तेव्हा चाकरमानी तिनेच यायचे-जायचे. पावसाळ्यात ती बंद, होड्याही किनाऱ्यावर ओढलेल्या. नारळी पौर्णिमेला नारळ सोडला की पुन्हा समुद्र सुरू. तो क्रम अजून टिकून आहे.

पुन्हा गेलात तर मुंबई-गोवा महामार्गावरच्या तळेरेवरून आत वळा. धुळपांच्या वाड्यात भिंतींवर जुनी चित्रं आहेत, विचारूनच आत जा. रामेश्वराचं देऊळ चुकवू नका. आणि गोदीवर ओहोटीच्या वेळी पोचा, नाहीतर नुसतं पाणीच दिसेल. वेळ किल्ल्याजवळ कुणाही मच्छीमाराला विचारा, त्याला पाठ असते.