ऑफिससाठी छोटे मिनी पीसी घ्यावेत का? ते पुढे अपग्रेड होतात का?

तुम्ही विचारलंय की टॅली, एक्सेल आणि जीएसटी पोर्टल एवढंच काम असलेल्या सहा जणांच्या ऑफिसात मिनी पीसी चालतील का, आणि "ते अपग्रेड होत नाहीत" असं दुकानदार म्हणतो ते खरं का.

बिनधास्त घ्या. नाशिकमध्ये छोट्या ऑफिसांचे कॉम्प्युटर सांभाळणं हाच माझा व्यवसाय आहे. तुमच्या कामाला टॉवरची, म्हणजे मोठ्या उभ्या कॅबिनेटच्या पीसीची, गरज नाही. डेलचा ऑप्टिप्लेक्स मायक्रो, लेनोवोचा थिंकसेंटर टायनी, एचपीचा एलिटडेस्क मिनी, हे सगळे साधारण १८ सेंमी लांब-रुंद आणि साडेतीन सेंमी जाड असतात.

दुकानदाराचं म्हणणं अर्धंच खरं आहे. मोठं ग्राफिक्स कार्ड यात बसत नाही. मदरबोर्ड त्या त्या कंपनीच्या मापाचा, त्यामुळे तो गेला तर बाजारातला दुसरा लावता येत नाही; म्हणूनच नवीन घेताना तीन वर्षांची ऑनसाइट (ऑफिसात येऊन दुरुस्तीची) वॉरंटी मागून घ्या. पण ऑफिसातलं मशीन रखडतं ते बहुतेक वेळा रॅम अपुरी पडल्याने किंवा जुन्या हार्ड डिस्कमुळे, आणि या दोन्ही गोष्टी इथे सहज बदलतात.

बहुतेक मॉडेलांत मागचा एक स्क्रू सोडला की झाकण सरकून निघतं. आत लॅपटॉपची रॅम लागते, तिचे दोन स्लॉट. पट्टी तिरकी धरून खाच जुळवायची, आत सरकवायची आणि खाली दाबायची. दोन्ही बाजूंच्या क्लिपा टक् करून लागल्या की बसली. डीडीआर ४ आणि डीडीआर ५ यांची खाच वेगवेगळ्या जागी असते, तेव्हा बसत नसेल तर जोर लावू नका. झाकण उघडलंच आहे तर पंख्याच्या जाळीतली धूळ ब्रशने काढा. फायलींच्या ऑफिसात ती फार साचते.

ऑर्डर देताना ८ जीबीच्या दोन पट्ट्यांऐवजी १६ जीबीची एकच मागा. दोन पट्ट्यांनी वेग थोडा वाढतो हे खरं, पण तुमच्या कामात तो जाणवणार नाही, आणि रिकामा स्लॉट पुढे कामाला येतो. एसएसडीसाठी, म्हणजे हार्ड डिस्कच्या जागी येणाऱ्या वेगवान ड्राइव्हसाठी, बोर्डावर एम डॉट टू नावाचा छोटा स्लॉट असतोच. शिवाय अडीच इंची ड्राइव्हची जागा आहे का तेही विचारा.

"मिनी" लिहिलेलं सगळंच उघडून वाढवता येतं असं मात्र नाही. ॲपल चिप असलेल्या मॅक मिनीची रॅम नंतर वाढत नाही, आणि काही स्वस्त डब्यांत ती बोर्डावरच सोल्डर केलेली असते. पैसे देण्याआधी मॉडेल नंबर टाकून कंपनीच्या साइटवर "मेमरी स्लॉट" किती ते बघा.

रिफर्बिश्ड, म्हणजे वापरलेलं पण दुरुस्त करून विकलेलं मशीन, घेणार असाल तर इंटेलच्या आठव्या पिढीच्या खाली जाऊ नका. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ त्याआधीच्या जवळपास सगळ्या इंटेल प्रोसेसरवर अधिकृतपणे चालत नाही. ॲडॉप्टर मूळ कंपनीचाच आहे ना, तेवढं हातात घेऊन तपासा. काही मशीन परका ॲडॉप्टर ओळखत नाहीत आणि प्रोसेसर मुद्दाम मंद चालवतात. मग लोक उगाच रॅमवर खर्च करत बसतात.