त्यांचा फोन उचल

प्रिय मुली,

तुझं पत्र दोनदा वाचलं. पुरवठ्यावर नजर ठेवणारा कंट्रोल टॉवर, एआयचा मागणीचा फोरकास्ट, चीनला पर्याय, सहा महिन्यांचा कोर्स करू की नोकरी बदलू, सगळं वाचलं. पण तुला झोप का लागत नाही ते शेवटाकडच्या एका ओळीत आहे: 'सर, हल्ली मी त्यांचा फोनच उचलत नाही.' ते म्हणजे बिलं थकलेले तुझे व्हेंडर, तुम्हाला माल पुरवणारे. मी त्या ओळीला उत्तर देतोय.

साहेबांनी तुला एकाच मीटिंगमध्ये दोन कामं दिली. पुरवठा साखळी भक्कम कर, आणि व्हेंडरच्या पेमेंटची मुदत 60 दिवसांवरून 90 वर ने. ही दोन्ही एकत्र होत नाहीत हे तुला मनातून कळलंय, म्हणून गोंधळ आहे. मी तीस वर्षं खरेदीत काढली आणि त्यातून माझ्या हाती एकच गोष्ट लागली. बिल वेळेवर निघालं पाहिजे. बाकी सगळं त्यानंतर.

हिशेब मांडून बघ. लहान व्हेंडरने लाखाचा माल दिला, 18 टक्के जीएसटी धरून बिल 1,18,000 चं. पुढच्या महिन्यात त्याला तो कर सरकारला भरायचाय, तुझे पैसे आलेले असोत वा नसोत. म्हणजे तुझा कर तो खिशातून भरतो. बँकेचं व्याज 12 टक्के धरलं तर 90 दिवसांचे साडेतीन हजार गेले. जॉबवर्कवाल्याला लाखामागे सुटतात किती? तू विचारलंयस कधी?

मीही विचारलं नव्हतं. 2008 ची मंदी आली तेव्हा वरून आदेश होता, रोकड बाहेर जाऊ द्यायची नाही. भोसरीच्या एका गाळ्यात दोन सीएनसी मशीनवर आमचे बुश, म्हणजे यंत्राच्या भागात बसणारी छोटी नळी, बनवणारे एक गृहस्थ होते. माल स्वतः टेम्पोबरोबर घेऊन यायचे. गुरुवारी पेमेंटचा दिवस, त्या दिवशी रिसेप्शनला येऊन बसायचे. मी आतून सांगायचो, 'जीआरएन झालेला नाही', म्हणजे माल मिळाल्याची नोंद झालेली नाही. जीआरएन मीच अडवलेला असायचा. चलानला टाचलेली त्यांची तीन बिलं माझ्या टेबलाच्या खालच्या खणात होती.

2009 च्या खंडेनवमीला त्यांनी पूजेला बोलावलं, मी गेलो. एका मशीनला झेंडूचा हार होता. दुसऱ्या मशीनच्या जागी जमिनीतून वर आलेले चार फाउंडेशन बोल्ट आणि तेलाचा काळा डाग. त्या बोल्टनाही त्यांनी हळदकुंकू वाहिलं होतं. मला पेढा दिला. तक्रारीचा एक शब्द नाही. पुढच्या सहा महिन्यांत गाळा बंद झाला आणि आमची लाइन एका बुशसाठी दोन दिवस उभी राहिली. नवा व्हेंडर जास्त दराने मिळाला, त्यातही रिजेक्शन. त्या वर्षी रोकड वाचवल्याबद्दल माझं कौतुक झालं होतं. घराचा हप्ता होता, मुलं लहान होती, आदेश वरचा होता. हे सगळं खरं आहे. पण खण माझा होता.

म्हणून कोणी मला 'रेझिलिअन्स', धक्का पचवणारी पुरवठा साखळी, शिकवायला लागलं की मी आधी त्यांच्या पेमेंटच्या तारखा मागतो. 1 फेब्रुवारी 1997 च्या पहाटे जपानमध्ये करियाला टोयोटाच्या पुरवठादाराचा, आयसिनचा, कारखाना जळाला. टोयोटाच्या बहुतेक गाड्यांच्या मागच्या ब्रेकसाठी लागणारा, मुठीत मावणारा व्हॉल्व्ह तिथेच बनायचा आणि टोयोटाकडे साठा काही तासांचा होता. सगळं ठप्प झालं. मग दोनशेच्या आसपास कंपन्या धावून आल्या. शिलाई मशीनवाली ब्रदरसुद्धा, जिने गाडीचा पार्ट कधी बनवला नव्हता. आधी काम सुरू झालं, पैशाचं बोलणं नंतर. आठवड्याभरात लाइन फिरायला लागल्या. पुढे टोयोटाने आपल्या थेट पुरवठादारांना त्या तिमाहीतल्या विक्रीच्या एक टक्का रक्कम आपणहून दिली. लोक या गोष्टीतून सेफ्टी स्टॉकचा धडा काढतात. काढोत. मला एवढंच दिसतं, की त्या दोनशे जणांना आपले पैसे बुडणार नाहीत याची खात्री होती. तुझ्याकडे आग लागली तर किती जण येतील? ज्यांचा फोन तू उचलत नाहीस, ते येतील?

आणि आग लागतच असते. नोव्हेंबर 2023 पासून लाल समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले, युरोपची जहाजं आफ्रिकेला वळसा घालू लागली, प्रवास दहा-चौदा दिवसांनी लांबला. तेवढे दिवस कोणाचे तरी पैसे पाण्यावर तरंगतात. एप्रिल 2025 मध्ये चीनने काही दुर्मिळ खनिजांच्या आणि त्यांच्या चुंबकांच्या निर्यातीला परवाना लावला, तेव्हा आपल्याकडच्या इलेक्ट्रिक गाड्यांच्या मोटारी अडल्या. अशा वेळी ज्याच्याकडे थोडा माल शिल्लक असतो तो कोणाला देतो? जो वेळेवर पैसे देतो त्याला. तुझ्या डॅशबोर्डवर हा कॉलमच नाही. कोर्स जरूर कर, फोरकास्ट सुधारला तर व्हेंडरचंही भलं आहे, शेड्यूल दर आठवड्याला हलणार नाही. पण कोर्स करून येईपर्यंत बिल थांबवू नकोस!

आता 'माझ्या हातात काय आहे' हे तुझं वाक्य. मला ते अजिबात आवडलं नाही. फायनान्सकडे भावना घेऊन जाऊ नकोस, कायदा घेऊन जा. 2006 च्या एमएसएमई कायद्याप्रमाणे सूक्ष्म आणि लघु पुरवठादाराला जास्तीत जास्त 45 दिवसांत पैसे द्यावे लागतात, लेखी करार नसेल तर 15. तुमचे 60 सुद्धा त्यात बसत नाहीत, 90 चं तर सोडच. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढीने. आणि आयकराचा 1 एप्रिल 2024 पासून लागू झालेला नियम, 1961 च्या कायद्यातलं कलम 43बी(एच): मुदतीत दिलं नाही तर तो खर्च प्रत्यक्ष पैसे देशील त्याच वर्षी धरता येतो. हे वाक्य ऐकून फायनान्सवाले खुर्चीत सरळ होऊन बसतात, मी पाहिलंय. मोठ्या कंपन्यांना ट्रेड्सवर, म्हणजे बिलावर बँकेकडून आधी पैसे मिळवून देणाऱ्या ऑनलाइन मंचावर, नोंदणीही सक्तीची झाली आहे. तुमची झालीच असेल. पण त्यावर किती बिलं चढतात ते बघ. व्हेंडरला दोन-तीन दिवसांत बँकेकडून पैसे मिळतात आणि कंपनी ठरल्या तारखेला बँकेला देते. साहेबांची रोकडही सांभाळली जाते.

कायदा 2009 मध्येही होता. माझ्या टेबलावर तो कोणी आणला नाही, मीही शोधला नाही.

पुढे, दुसऱ्या नोकरीत, 90 दिवसांच्या परिपत्रकावर सही करायला मी नकार दिला. विभागप्रमुखपद गेलं. हट्टी म्हणाले, व्हेंडरचा माणूस म्हणाले, त्याहून वाईटही म्हणाले. एका पैशाला मी शिवलो नव्हतो. तरीही आज विचारलंस तर सही करणार नाही. माझं ते पद गेलं म्हणून मी तुला हे सांगतोय, असं तुला वाटेल. वाटू दे. लॉकडाऊन उठल्यावर मजूर गावी गेलेले असताना आमच्या व्हेंडरची मुलं, सुना मशीनवर उभ्या राहिल्या आणि आमचा माल आधी निघाला. ते मी स्वतः जाऊन पाहिलंय.

तू माझ्यापेक्षा हुशार आहेस आणि तुला ते एवढ्या लवकर टोचलं, याचा मला फार आनंद आहे. मला चार बोल्ट बघावे लागले.

उद्या सकाळी पहिला फोन त्यांना कर. तारीख माहीत नसेल तर माहीत नाही असं सांग, आणि कधीपर्यंत कळवशील ते सांग. मग त्यांचं बिल शोध. दिवस जीआरएनपासून मोजू नकोस, गेट एंट्रीपासून मोज. माल आल्यापासून 15 दिवसांत लेखी हरकत घेतली नसेल तर कायदा तीच तारीख धरतो. ते बिल कोणाच्या खणात आहे ते मला कळव. तुझ्याच असेल तरी कळव.

तुझा,
सर