सातबारावर माझंही नाव आहे आणि भावाने गांजा लावलाय

प्रश्न : मी सोलापुरात शाळेच्या गणवेशांचं छोटं शिलाई युनिट चालवते. महाबळेश्वर तालुक्यात आईकडून आलेली सव्वा एकर जमीन माझ्या आणि धाकट्या भावाच्या नावावर आहे. ती तोच कसतो. भाऊबीजेला गेले तेव्हा स्ट्रॉबेरीच्या पलीकडे शेडनेटमध्ये गांजाची चौदा झाडं दिसली. भाऊ म्हणाला, "ही परदेशी संकरित जात आहे, थंड आणि दमट हवेसाठीच काढलेली. हिच्यात नशा कमी असते, त्यामुळे कायद्यातला गांजा हा नव्हेच." बी त्याने ऑनलाइन मागवलं होतं. अर्ध्या झाडांची फुलं बुरशीने कुजली आहेत. माझ्यावर केस होईल का? मी गुपचूप जाऊन झाडं उपटून टाकू का?

उत्तर : ताई, शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण ते तुम्हाला आजच हवं आहे. उपटू नका. जाळू नका, कुणाला पैसे देऊन काढून घेऊ नका, मोबाइलमधले फोटो आणि भावाशी झालेलं व्हॉट्सॲपवरचं बोलणं पुसू नका. तुमचा हेतू भावाला वाचवण्याचा आहे हे मला कळतं. पण आरोपीला वाचवण्यासाठी पुरावा नाहीसा करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २३८ खाली स्वतंत्र गुन्हा आहे. पुरावा नाहीसा करण्यासारखं आज तुमच्या हातून काहीच घडलेलं नाही. झाडं उपटलीत तर घडेल.

आता भावाच्या म्हणण्याकडे येऊ. असं बोलणारी शिकलेली मुलं माझ्याकडेही येतात, आणि ती खोटं बोलत नसतात, त्यांना खरंच तसं वाटत असतं. एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांविरुद्धचा कायदा, १९८५चा आहे. त्याच्या कलम २मध्ये 'कॅनाबिसचं झाड' म्हणजे कॅनाबिस या वंशातलं कोणतंही झाड, असं लिहिलंय. इंडिका असो, सॅटिव्हा असो, दोन्हींचा संकर असो, वंश तोच राहतो. नशेचं प्रमाण किती, हे त्या व्याख्येत कुठेच नाही. भावाने नशेच्या घटकाची (टीएचसी) ०.३ टक्क्याची मर्यादा कुठेतरी वाचली असेल. ती उत्तराखंडसारख्या राज्याने औद्योगिक भांगेच्या, म्हणजे कमी नशेच्या कॅनाबिसच्या, लागवडीला परवाना देताना घातलेली अट आहे. परवाना त्या राज्याचा, त्या शेतकऱ्याचा. त्याच जातीचं बी महाबळेश्वरच्या मातीत पेरलं म्हणून तो परवाना बियाबरोबर येत नाही.

फुलं कुजल्याचं तुम्ही थोड्या आशेने लिहिलंय, म्हणून त्यावर नीट लिहितो. पाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडणाऱ्या डोंगरावर घट्ट फुलांच्या झाडाला राखाडी बुरशी लागणारच, ती शेजारच्या स्ट्रॉबेरीलाही लागते. विकणाऱ्याने दमट हवेची जात म्हणून सांगितलं, तरी दाट फुलात पाणी अडकायचं ते अडकतंच. पण कायद्याच्या दृष्टीने पीक हाती आलं की नाही याला महत्त्व नाही. 'गांजा' म्हणजे फुलोऱ्याचे शेंडे. नुसती पानं आणि बिया, शेंडे सोबत नसतील तर, त्यात येत नाहीत. लागवडीचा गुन्हा मात्र त्याहून वेगळा आहे. कलम ८ लागवडीलाच मनाई करतं आणि कलम २०(अ) त्यासाठी दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड सांगतं. फुलं आली, न आली, कुजली, तरी झाड लावलं हे राहतंच.

तुमच्याबद्दल. सातबारावर नाव असणं हा गुन्हा नाही. कलम २५ खाली जागेच्या मालकाला मूळ गुन्ह्याएवढीच शिक्षा होऊ शकते, पण त्यासाठी त्याने जाणूनबुजून जागा वापरू दिलेली असावी लागते. भाऊबीजेच्या सकाळपर्यंत तुम्हाला काही माहीत नव्हतं. त्या दुपारी तुम्ही झाडं पाहिलीत, आणि तुमची खरी अडचण तिथून सुरू झाली. कलम ४६ प्रत्येक जमीनधारकावर बंधन घालतं की आपल्या जमिनीत अशी बेकायदा लागवड असेल तर पोलिसांना किंवा उत्पादन शुल्कासारख्या खात्याच्या अधिकाऱ्याला तत्काळ कळवायचं. माहीत असून कळवलं नाही तर ते न कळवणं हाच गुन्हा. शिवाय या कायद्यात कलम ३५ प्रमाणे आरोपीचं मन दोषी होतं असं न्यायालय गृहीत धरतं. ते तसं नव्हतं हे आरोपीला सिद्ध करावं लागतं, तेही संशयाला जागा न ठेवता. तुम्ही गप्प बसून काढलेला प्रत्येक दिवस पुढे 'हिची संमती होती' म्हणून वाचला जाईल. आरोपीला लपवण्याच्या गुन्ह्यात नवरा-बायकोला सूट आहे, बहीण-भावाला नाही.

म्हणजे भावाविरुद्ध तक्रार द्यायची? ताई, हे लिहिताना मलाही जड जातंय. पण सरपंच आणि गावच्या अधिकाऱ्यांवरही कलम ४७ प्रमाणे कळवण्याचं बंधन आहे आणि शेडनेटमधली झाडं गावात फार दिवस झाकून राहत नाहीत. छापा पडून दोघांची नावं एफआयआरमध्ये येण्यापेक्षा तुमचा लेखी अर्ज आधी पोहोचणं तुमच्या बचावासाठी फार मोलाचं आहे. तुम्ही सोलापुरातला वकील आजच गाठा. भावाने वेगळा वकील करावा, कारण इथे तुमचं आणि त्याचं हित एक नाही. फी परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. स्त्री म्हणून तुम्हाला उत्पन्नाची अट नाही. वकिलाने मसुदा केला की अर्ज लगेच जाऊ द्या, भावाच्या होकारासाठी थांबू नका. त्यात झाडं कधी आणि कशी दिसली एवढंच असावं, भावाच्या हेतूबद्दल अंदाज नकोत. पोच घ्या.

भावाने सोबत येऊन स्वतः सांगितलं तर माफी मिळेल असं मी म्हणणार नाही. 'पहिलाच गुन्हा आहे, चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडा' ही सवलतही कलम ३३मुळे त्याला मिळत नाही. पण २०(अ)मध्ये किमान शिक्षा ठरवलेली नाही, म्हणून किती द्यायची हे न्यायाधीशाच्या हातात असतं आणि तिथे त्याचं वागणं मोजलं जातं. जामिनाचा प्रश्न वजनावर अडतो. नुसत्या लागवडीला कलम ३७च्या कडक अटी लागत नाहीत. पण गांजाचं वजन वीस किलोच्या वर दाखवलं की लागतात, आणि शिक्षाही दहा ते वीस वर्षांच्या पट्ट्यात जाते. ओली झाडं मुळं-मातीसकट तोलली तर चौदा झाडांत तो आकडा गाठणं अवघड नाही. म्हणून पंचनाम्यात शेंडे, पानं, खोड वेगळं नोंदवलं का आणि कलम ५२अ प्रमाणे नमुने दंडाधिकाऱ्यासमोर काढले का, यावर त्याच्या वकिलाने पहिल्या दिवसापासून डोळा ठेवावा.

अटकपूर्व जामीन लागला तर गुन्हा सातारा जिल्ह्यातला म्हणून अर्ज तिथल्या सत्र न्यायालयात जाईल. पुढे उच्च न्यायालयात जायची वेळ आली तरी १८ ऑगस्ट २०२५ पासून सातारा आणि सोलापूर दोन्ही जिल्हे कोल्हापूरच्या सर्किट बेंचकडे आहेत, मुंबईच्या खेपा नाहीत.

वकिलाकडे जाताना सातबारा, फेरफार आणि गेल्या काही हंगामांची ई-पीक पाहणीची नोंद घेऊन जा. त्यावरून आणि खतं-औषधांच्या पावत्यांवरून जमीन भाऊच कसतो हे दिसत असेल, तर तुमच्या अर्जासोबत त्याच्या प्रती जोडायला सांगा.