पगाराचं मीटर ब्रेक सुटल्यावर चालू होतं

अमेरिकेतल्या रिजनल एअरलाइन्स म्हणजे पन्नास ते शहात्तर सीटची विमानं उडवणाऱ्या कंपन्या, आणि त्यांच्या पायलटांच्या पगाराबद्दल या वेळी बरीच पत्रं आलीत. त्यातली तीन घेतोय. मी स्वतः अशाच एका कंपनीत चौदा वर्षं डिस्पॅचर होतो, म्हणजे फ्लाइट प्लॅन बनवायचा आणि त्याची जबाबदारी कॅप्टनबरोबर अर्धी अर्धी घ्यायची, त्यामुळे हा विषय माझ्या जिव्हाळ्याचा आहे हे आधीच सांगतो.

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीत राहतो. मुलगा एकोणीस वर्षांचा आहे, त्याला पायलट व्हायचंय. फ्लाइंग स्कूलचा खर्च एक लाख डॉलरच्या वर सांगतायत. हे म्हणतात रिजनलच्या पायलटांना ड्रायव्हरपेक्षा कमी पगार असतो, मुलगा म्हणतो आता तासाला ९० डॉलर मिळतात. रोज जेवायला बसलं की हाच वाद. खरं कोणाचं? आणि बाकीच्या नोकऱ्यांच्या मानाने हा पगार योग्य आहे का?

उत्तर : ताई, दोघांचंही खरं आहे, फक्त वेगवेगळ्या काळातलं. तुमच्या मिस्टरांच्या डोक्यात पंधरा-सोळा वर्षांपूर्वीचा पगार आहे आणि मुलाच्या डोक्यात २०२२ नंतरचा. पण ९० डॉलर ऐकून लगेच बाकीच्या नोकऱ्यांशी तुलना करू नका, आधी तो 'तास' म्हणजे काय ते समजून घ्या, कारण सगळी गोम तिथेच आहे.

पायलटला पैसे मिळतात ते ब्लॉक टाइमचे. विमान गेटवरून निघताना पार्किंग ब्रेक सुटला की मीटर चालू, पुढच्या गेटवर ब्रेक लागला की बंद. एक साधा दिवस घ्या. पहाटे सव्वापाचला हजेरी, मग हवामान बघायचं, इंधन ठरवायचं, टॉर्च घेऊन थंडीत विमानाभोवती एक फेरी मारायची, टायर, इंजिनाची पाती, पंखांवर बर्फ आहे का ते बघायचं, मग कॉकपिटमध्ये बसून चेकलिस्ट. सहा वाजता विमान निघतं. दिवसभरात चार फेऱ्या, एक तास दहा, एक पंचवीस, पंचावन्न मिनिटं आणि एक वीस. मधले तास कुठल्यातरी एअरपोर्टवर बसून. साडेतीनला सुटका. ड्युटी झाली सव्वादहा तास, पगार चार तास पन्नास मिनिटांचा. काही करारांत दिवसाला किमान अमुक तास धरलेले असतात, बाहेर असताना खाण्यापिण्याचा थोडा भत्ताही मिळतो, पण मूळ हिशोब हाच.

आता जुन्या काळी नव्या फर्स्ट ऑफिसरला, म्हणजे कॅप्टनच्या शेजारी बसणाऱ्या सहवैमानिकाला, तासाला साधारण २२ डॉलर असायचे. वर सांगितलेल्या दिवसाचे झाले १०६ डॉलर, ड्युटीच्या तासांनी भागा, तासाला दहा डॉलर आणि थोडी चिल्लर. महिन्याला ७५ तासांची गॅरंटी धरली तर वर्षाचे १९,८०० डॉलर. आणि मागे सत्तर प्रवासी! ९० डॉलरने त्याच दिवसाचे ४३५ होतात, म्हणजे ड्युटीच्या तासाला बेचाळीसच्या आसपास, वर्षाला ८१ हजार. जास्त तास उडवून जास्त कमवू म्हणाल तर तेही एका मर्यादेपर्यंतच, कायद्याने ३६५ दिवसांत १००० तासांच्या वर उडता येत नाही, आणि ते बरोबरच आहे.

आमच्या क्रू रूममधली एक मुलगी मी विसरू शकत नाही, वय असेल चोवीस-पंचवीस. बेस, म्हणजे जिथून ड्युटी सुरू होते ते एअरपोर्ट, असलेल्या शहरात भाडं परवडत नाही म्हणून आईवडिलांकडे दुसऱ्या राज्यात राहायची आणि ड्युटीच्या आदल्या रात्री कुठल्यातरी विमानाच्या जंप सीटवर, म्हणजे क्रूसाठीच्या जादा सीटवर, बसून यायची. हॉटेलला पैसे नाहीत, मग क्रू रूममधल्या रिक्लायनरवर बूट काढून, कोट अंगावर ओढून झोपायची. मी पहाटे चारला प्लॅन प्रिंट करायला गेलो की प्रिंटरच्या आवाजाने ती जागी व्हायची आणि मलाच सॉरी म्हणायची. दोन तासांनी तीच मुलगी विमान घेऊन जाणार, आणि त्या फ्लाइटच्या कागदावर सही माझी. मला ते तेव्हाही चुकीचं वाटायचं आणि आजही वाटतं.

१२ फेब्रुवारी २००९ ला नेवार्कहून बफेलोला जाणारं कोल्गन एअरचं ३४०७ विमान पडलं. विमानातले ४९ आणि खाली घरातला एक, असे पन्नास जण गेले. त्यातली फर्स्ट ऑफिसर चोवीस वर्षांची होती, आदल्या रात्री सिएटलहून निघून मेम्फिसमार्गे मालवाहू विमानांतून त्याच दिवशी सकाळी नेवार्कला पोचली होती, आणि चौकशीच्या सुनावणीत तिच्या पगाराचा वर्षाला १६ हजार डॉलरच्या आसपासचा आकडा निघाला तेव्हा सगळी अमेरिका हादरली. एक गोष्ट नीट सांगायला हवी, अपघाताचं कारण कमी पगार असं चौकशी मंडळाने म्हटलेलं नाही. स्टॉलची, म्हणजे वेग कमी पडून पंख विमान तोलेनासे होण्याची, वॉर्निंग आल्यावर कॅप्टनने नाक खाली करायच्या ऐवजी वर ओढलं, हे मुख्य कारण धरलं गेलं. थकव्याचा परिणाम झाला असणार पण किती ते ठरवता येत नाही, असं त्यांचं म्हणणं. पण लोकांना पहिल्यांदा कळलं की मोठ्या कंपनीचं नाव रंगवलेल्या विमानात पुढे कोण बसलंय आणि ते कसे दिवस काढतायत.

त्यानंतर २०१० ला कायदा झाला, २०१३ पासून फर्स्ट ऑफिसरलाही १५०० तास उडवल्याच्या अनुभवाची अट आली (आधी २५० तासांच्या कमर्शियल लायसन्सवर बसता यायचं), आणि २०१४ च्या जानेवारीपासून ड्युटीआधी दहा तासांची विश्रांती आणि त्यात आठ तास झोपेची सोय असा नियम लागू झाला. पगाराबद्दल मात्र त्या कायद्यात काही नव्हतं. पगार वाढला तो पायलट मिळेनासे झाले म्हणून. लाखभर कर्ज काढून, मग दीड-दोन वर्षं दुसऱ्यांना शिकवत तास जमवून वीस हजारांवर कोण येणार? २०१६ ला रिपब्लिक दिवाळखोरीत गेली, २०१८ ला ग्रेट लेक्स बंद पडली, या दोन्ही रिजनल कंपन्यांनी पायलट मिळत नसल्याचं कारण दिलं. २०२२ च्या मार्चमध्ये स्कायवेस्ट या रिजनल कंपनीने २९ छोट्या गावांची सेवा सोडायची नोटीस दिली. मग त्याच जूनमध्ये अमेरिकन एअरलाइन्सच्या मालकीच्या पायडमॉन्ट आणि एन्व्हॉयने नव्या फर्स्ट ऑफिसरला ९० आणि नव्या कॅप्टनला १४६ डॉलर जाहीर केले, त्यातला मोठा हिस्सा सुरुवातीला ठरावीक मुदतीपुरताच होता, आणि ऑगस्टमध्ये मेसा या दुसऱ्या रिजनलने थेट १०० वर उडी मारली.

म्हणजे जबाबदारी तीच, विमान तेच, फरक फक्त रांगेत माणसं किती उभी आहेत याचा. म्हणून माझं मत विचाराल तर आजचा पगार योग्य आहे, आधीचा अन्यायाचा होता, आणि आजचा टिकेल याची खात्री धरून घर चालवायला घेऊ नका. २०२४ ला मोठ्या कंपन्यांची भरती मंदावली, त्यामुळे खालची रांग परत लांबली.

मुलासाठी दोन गोष्टी. एक पैसाही भरायच्या आधी फर्स्ट क्लास मेडिकल, म्हणजे पायलटची सगळ्यात कडक वैद्यकीय तपासणी, करून घ्या, त्यात अडकलं तर लाख डॉलर वाचले. आणि मान्यताप्राप्त कॉलेजातून एव्हिएशनची चार वर्षांची डिग्री केली तर १५०० ऐवजी १००० तासांत उजव्या सीटवर, म्हणजे फर्स्ट ऑफिसर म्हणून, बसता येतं, वयाची एकवीस वर्षं पूर्ण झाली की. तो एकोणीसचा आहे, वेळ आहे. त्याला उडायचंच असेल तर अडवू नका, पण सगळं कर्ज एकदम काढू नका.

प्रश्न : मी नर्स आहे, बारा-बारा तास उभी असते, माझ्याही हातात माणसांचे जीव असतात. सरकारी आकड्यांत २०२३ ला नर्सचा मध्यम पगार ८६ हजार आणि एअरलाइन पायलटचा २ लाख १९ हजार दिलाय. मग पायलट लोक रडतात कशासाठी?

उत्तर : तुमचा राग मला पटतो आणि नर्सना कमीच मिळतं असं माझंही मत आहे. पण त्या २ लाख १९ हजारांत मोठ्या कंपन्यांचे सगळे पायलट आहेत, समुद्रापार मोठी विमानं नेणारे पंचवीस वर्षं जुने कॅप्टनसुद्धा. रिजनलचा नवा फर्स्ट ऑफिसर तुमच्याच आसपास आहे, ८१ हजार वर काढलेच, आणि नवा कॅप्टन १४६ च्या हिशोबाने १ लाख ३१ हजारांवर जातो. तुमच्यापेक्षा जास्त, हो.

पण एक फरक बघा. तुम्ही उद्या हॉस्पिटल बदललंत तर दहा वर्षांचा अनुभव तुमच्याबरोबर येतो. पायलटचं तसं नाही, तिथे सगळं सीनियॉरिटीवर, म्हणजे त्या कंपनीत रुजू झाल्याच्या तारखेवर. कुठली सीट, कुठला बेस, दिवाळीला घरी की विमानात, सगळं त्या एका नंबरवर. वीस वर्षांचा कॅप्टन कंपनी बुडाली म्हणून दुसरीकडे गेला की यादीत सगळ्यात खाली, पहिल्या वर्षाच्या पगारावर, आणि शेजारी बसतो तो त्याच्या मुलाच्या वयाचा कॅप्टन. कंपन्या बुडतात, हे मी नुसतं म्हणत नाही. सिनसिनाटीच्या कॉमएअरच्या पायलटांनी २००१ ला ८९ दिवस संप केला, पगार वाढवून घेतला, आणि २०१२ ला ती कंपनीच बंद झाली. शिवाय चाळिशीनंतर कॅप्टनला दर सहा महिन्यांनी मेडिकल, एक रिपोर्ट बिघडला की उद्यापासून काम बंद, आणि पासष्टला सक्तीने घरी. तुम्ही शिफ्ट हातात देताना पेशंटची माहिती सांगता त्या वेळेचे पैसे तुम्हाला मिळतात ना? मिळायलाच हवेत. पायलट टॉर्च घेऊन विमानाभोवती फिरतो त्या वेळेचे बहुतेक ठिकाणी मिळत नाहीत, आणि मला सगळ्यात जास्त खटकतं ते हेच, ९० की १०० हा वाद त्याच्यानंतरचा.

प्रश्न : मोठ्या कंपनीचं तिकीट काढलं तर मोठ्या कंपनीचाच पायलट असतो ना? मग तीच कंपनी सरळ जास्त पगार का देत नाही?

उत्तर : नाही, असं गृहीत धरू नका. मोठी कंपनी तिकीट विकते, वेळापत्रक ठरवते, आणि विमान उडवायचं कंत्राट रिजनलला देते, ठरलेल्या दराने. इंधन बहुतेक वेळा मोठी कंपनीच भरते. मग रिजनलला खर्च कमी करायला उरतं काय, तर माणसांचे पगार, आणि कंत्राट जातं स्वस्त बोली लावणाऱ्याकडे. मोठ्या कंपन्यांच्या युनियनने ७६ सीटच्या वरची विमानं बाहेर द्यायची नाहीत असं करारात घालून घेतलंय म्हणून तेवढ्यावर थांबलंय. तिकीट काढताना फ्लाइट नंबरच्या खाली बारीक अक्षरात 'ऑपरेटेड बाय' लिहिलेलं असतं, तिथे ज्या कंपनीचं नाव आहे तिचे पायलट तुम्हाला घेऊन जाणार आहेत.