सीझनच्या मध्यात ट्रेड करावा का? आला कोण ते नंतर बघा, गेला कोण ते आधी

प्रश्न: एनबीएमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या बास्केटबॉल लीगमध्ये, दर फेब्रुवारीत खेळाडूंच्या अदलाबदलीवरून एकाच संघाचे चाहते आपसांत का भांडतात? चालू सीझनमध्ये संघ बदलणं शहाणपणाचं असतं का? आणि ट्रेड चांगला झाला की वाईट, हे ओळखायचं कसं?

उत्तर:

आधीच सांगून टाकतो, मी लेकर्सवाला आहे, म्हणजे लॉस एंजेलिस लेकर्सचा चाहता. त्यामुळे आमच्या जुन्या वैऱ्याचा, बॉस्टनचा विषय निघाला की माझा सूर जरा चढतो, तेवढं सांभाळून घ्या.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे. ८२ सामन्यांचा सीझन, त्यातले पन्नासेक होऊन गेलेले, आपल्या संघात काय कमी आहे ते एव्हाना शेंबड्या पोरालाही कळलेलं, आणि ट्रेडची मुदत चार दिवसांवर. एकदा ती संपली की उन्हाळ्यापर्यंत हात बांधलेले. मग एक गट म्हणतो, लेब्रॉनचं वय बघा, आत्ता नाही तर कधी? दुसरा म्हणतो, पोरांना वाढू द्या, पुढच्या वर्षांचे ड्राफ्ट पिक (नवे खेळाडू निवडायचे हक्क) आत्ता उधळू नका. दोघांच्याही बोलण्यात तथ्य असतं, म्हणून तर भांडण मिटत नाही.

गंमत अशी की दोन्ही गट एकाच गोष्टीवर भांडतात: येतंय कोण. त्याचे पॉइंट किती, त्याचं नाव किती मोठं, त्याच्यासाठी किंमत किती मोजली. ट्रेड मशीनवर (अदलाबदल करून बघायच्या वेबसाइटवर) बसून आपण सगळेच हे उद्योग करतो. ते मशीन पगाराची बेरीज जुळते का एवढंच तपासतं. उद्या चौथ्या क्वार्टरमध्ये समोरच्या सेंटरला, म्हणजे रिंगखाली खेळणाऱ्या उंचपुऱ्या खेळाडूला, अडवायला कोण उभा राहणार, हे त्याला विचारता येत नाही. म्हणून मी ट्रेडची बातमी वाचताना उलट्या बाजूने सुरुवात करतो. गेला कोण? तो मैदानावर नेमकं कोणतं काम करत होता? आणि ते काम आता कोणाच्या गळ्यात पडणार? निम्म्या वेळा निकाल तिथेच कळतो.

२०११ चं बॉस्टन बघा. २४ फेब्रुवारीला, मुदतीच्या दिवशी, ईस्टमध्ये (लीगचे ईस्ट आणि वेस्ट असे दोन गट आहेत) पहिल्या क्रमांकावर असलेल्या या संघाने आपला सेंटर केंड्रिक पर्किन्स ओक्लाहोमा सिटीला देऊन टाकला आणि मुख्यतः जेफ ग्रीन आणि नेनाद क्रस्टिच घेतले. कागदावर ट्रेड अगदीच वाईट नव्हता. पर्किन्सचा करार त्या उन्हाळ्यात संपत होता, मुदतवाढीला तो नाही म्हणाला होता, गुडघ्याच्या दुखण्यातून नुकताच परतला होता. ग्रीन तरुण होता आणि पॉइंटही काढायचा. जनरल मॅनेजर डॅनी एंजला काही वेड लागलेलं नव्हतं.

पण पर्किन्स करत काय होता? रे ॲलनला मोकळं करायला भिंतीसारखा स्क्रीन लावायचा, म्हणजे त्याच्या मागे लागलेल्या बचावपटूची वाट अडवून उभा राहायचा. ड्वाइट हॉवर्डसारख्या धिप्पाड सेंटरला एकटा अंगावर घ्यायचा, म्हणजे बाकीचे चौघे आपापला माणूस सोडून मदतीला धावत नसत. यातलं काहीही बॉक्स स्कोअरमध्ये, म्हणजे सामन्याच्या आकड्यांच्या तक्त्यात, दिसत नाही. त्याच्या आदल्याच वर्षी, २०१० च्या फायनल्समध्ये आमच्याविरुद्ध, सहाव्या सामन्यात त्याचा गुडघा गेला आणि सातव्यात तो नव्हता. त्या सातव्या सामन्यात आमच्या कोबीने २४ पैकी फक्त ६ शॉट घातले. तरी आम्ही ८३-७९ ने जिंकलो, कारण हुकलेला चेंडू परत आमच्याच हातात येत होता. २३ ऑफेन्सिव्ह रिबाउंड! पर्किन्स नसला की काय होतं हे बॉस्टनने आठ महिन्यांपूर्वी डोळ्यांनी पाहिलं होतं, आणि तरी त्याची जागा भरायला त्यांनी भरवसा ठेवला तो ३९ व्या वर्षात असलेल्या शॅकिल ओ'नीलच्या पायांवर. ते पाय टिकले नाहीत. संघ घसरून ईस्टमध्ये तिसरा आला आणि दुसऱ्या फेरीत मायामीकडून ४-१ हरला. पर्किन्स असता तरी लेब्रॉन-वेडच्या मायामीला हरवलं असतं का? शक्यता कमीच. पण पहिल्या क्रमांकावरचा संघ स्वतःच्या हाताने कुणी विस्कटत नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

आता आमच्याकडे या, म्हणजे मी एकतर्फी बोलतोय असं वाटायला नको. १ फेब्रुवारी २०२५ च्या रात्री लुका डॉन्चिच लेकर्सकडे आणि अँथनी डेव्हिस डॅलसकडे अशी बातमी पत्रकार शम्स चरानियांनी दिली, तेव्हा त्यांचं अकाउंट हॅक झालंय असंच लोकांना वाटलं. २५ वर्षांचा, आदल्याच वर्षी संघाला फायनल्सपर्यंत नेलेला खेळाडू कुणी देतं का? त्या ट्रेडमध्ये आम्ही लुटलं, यात वाद नाही. डॉन्चिच पुढची अनेक वर्षं आमचा आहे. पण तुमचा प्रश्न चालू सीझनबद्दल आहे, आणि त्या सीझनपुरतं बघितलं तर गेला कोण? संघाचा एकमेव खराखुरा मोठा माणूस. खुद्द डेव्हिसच थोड्या दिवसांपूर्वी म्हणाला होता की आपल्याला आणखी एक सेंटर हवा. आम्ही दुसरा आणायच्या ऐवजी होता तोही दिला.

संघ चालवणाऱ्या ऑफिसला हे कळत नव्हतं असं नाही. लगेच शार्लटकडून मार्क विल्यम्स हा सेंटर घेतला. बदल्यात नवखा शूटर डॉल्टन क्नेक्ट, कॅम रेडिश आणि २०३१ चा फर्स्ट राउंड पिक. मग मेडिकल तपासणी झाली, त्यात लेकर्सच्या डॉक्टरांचं समाधान झालं नाही आणि ८ फेब्रुवारीला तो ट्रेड रद्द. मुदत दोन दिवसांपूर्वीच उलटलेली, म्हणजे दुसरा सेंटर आणायची वाटही बंद. क्नेक्ट आणि रेडिश परत त्याच ड्रेसिंग रूममध्ये. ज्यांनी तुम्हाला काल निरोप दिला, त्यांच्याच शेजारी आज बुटाचे बंद बांधत बसायचं. चाहते 'ॲसेट' म्हणून नावं फेकतात तेव्हा मला क्नेक्ट हा पोरगा आठवतो.

एप्रिलमध्ये त्याचं बिल आलं. आम्ही वेस्टमध्ये तिसरे, मिनेसोटा सहावे, म्हणून प्लेऑफच्या (सीझननंतरच्या बाद फेऱ्यांच्या) पहिल्याच फेरीत गाठ पडली. चौथ्या सामन्यात कोच जे. जे. रेडिकने दुसऱ्या हाफमध्ये त्याच पाच जणांना एकदाही न बदलता खेळवलं. बेंचवरच्या कुणावर भरवसा होता ते यावरून समजा. पाचव्या सामन्यात सुरुवातीच्या पाचात सेंटरच नव्हता. त्या सामन्यात मिनेसोटाने ४७ थ्री (लांबून मारायचे तीन पॉइंटचे शॉट) मारले आणि त्यातले ७ घातले. परत वाचा, ४७ पैकी ७. असला नेम धरून प्लेऑफचा सामना कुणी जिंकत नाही. ते जिंकले, १०३-९६, कारण रूडी गोबेअरने रिंगखाली २७ पॉइंट आणि २४ रिबाउंड काढले. २०१० ला आम्ही बॉस्टनचं जे केलं, तेच पंधरा वर्षांनी मिनेसोटाने आमचं केलं. मालिका ४-१.

डॅलसचं काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. डेव्हिस पहिल्याच सामन्यात जखमी, पुढच्या महिन्यात कायरी अर्व्हिंगचा गुडघा गेला, स्टेडियममध्ये 'फायर निको'च्या घोषणा, आणि शेवटी नोव्हेंबरमध्ये जनरल मॅनेजर निको हॅरिसनची गच्छंती. यात एक नियम समजून घेण्यासारखा आहे, कारण चाहते तोच विसरतात. काही प्रकारचे व्यवहार केले की संघावर 'हार्ड कॅप' बसतो, म्हणजे ठरलेल्या रेषेपुढे त्या सीझनमध्ये एक डॉलरही खर्च करता येत नाही. डॅलस त्या रेषेच्या सुमारे ५१ हजार डॉलर खाली होतं. एनबीएत एवढ्यात दहा दिवसांच्या करारावरही कुणी मिळत नाही. जखमींची रांग लागली, मार्चमध्ये सामन्याला लागणारे किमान आठ खेळाडू उभे करतानाही ओढाताण झाली, आणि बाहेर रिकामे बसलेले खेळाडू त्यांना घेता येईनात. ट्रेड करताना तुम्ही फक्त खेळाडू देत नाही, पुढची डागडुजी करायची सोयही देऊन टाकता.

मग मध्यात काही करूच नये का? करावं की. २००४ चं डेट्रॉइट हे माझ्या मते नमुनेदार उदाहरण आहे, आणि त्यांनी फायनल्समध्ये शॅक, कोबी, मलोन, पेटन असलेल्या आमच्या संघाला ४-१ असं धुतलं म्हणून हे लिहिताना अजून टोचतं. १९ फेब्रुवारीला रशीद वॉलेस आला. पण गेला कोण? बिलप्स, हॅमिल्टन, प्रिन्स, बेन वॉलेस, चौघेही जागच्या जागी. लिंडसी हंटर बॉस्टनला गेला, त्यांनी त्याला लगेच मोकळा केला आणि तो परत डेट्रॉइटलाच येऊन खेळला. (ही पळवाट लीगने नंतर बंद केली.) मोठा माणूस आला आणि कामाचा कुणी गेलाच नाही. असं रोज घडत नाही.

दुसरं, कमी गाजलेलं उदाहरण डेरिक व्हाइटचं. २०२२ च्या फेब्रुवारीत बॉस्टनने त्याला सॅन अँटोनियोकडून आणलं तेव्हा फार कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. जॉश रिचर्डसन, रोमिओ लँगफर्ड, एक फर्स्ट राउंड पिक आणि वर २०२८ ला पिक बदलून घ्यायचा हक्क, एवढं सगळं एका बेतास बात पॉइंट काढणाऱ्या गार्डसाठी? पण गेलेल्यांचं काम व्हाइट एकटा करू शकत होता, आणि बचावात त्यांच्यापेक्षा चांगलं. २०२३ मध्ये मायामीविरुद्ध सहाव्या सामन्यात तीन सेकंद उरलेले असताना त्यानेच बाहेरून चेंडू आत टाकला, आणि बाकी सगळे मार्कस स्मार्टच्या शॉटकडे बघत असताना हा सरळ रिंगकडे धावला. त्याला कुणी अडवलंच नाही. स्मार्टचा शॉट उडाला, व्हाइटने तो आत ढकलला, १०४-१०३. सातवा सामना ते हरले ही गोष्ट वेगळी (आणि मला आवडलेली). २०२४ ला मात्र हाच व्हाइट त्यांच्या विजेत्या संघाच्या सुरुवातीच्या पाचात होता.

पिकांबद्दल थोडक्यात. ट्रेडच्या यादीत नेहमी २०२७, २०२९, २०३१ अशी एकाआड एक वर्षं का दिसतात? कारण लागोपाठच्या दोन पुढल्या वर्षांचे फर्स्ट राउंड पिक देऊन संघाला रिकामं राहता येत नाही. ऐंशीच्या दशकात क्लीव्हलँडचे मालक टेड स्टेपियन यांनी पिक वाटून संघाची वाट लावली, तेव्हापासून त्यांच्या नावाने हा नियम ओळखला जातो. फिनिक्सने २०२३ ला केव्हिन ड्युरँटसाठी असेच चार पिक दिले, सोबत मिकाल ब्रिजेस आणि कॅम जॉन्सन. पिकांवरून रडारड खूप झाली, पण मला तेव्हाही जास्त खटकलं ते या जोडीचं जाणं, कारण बाहेरच्या शूटरच्या मागे धावणारे तेच दोघे होते. २०२५ ला फिनिक्स प्लेऑफलाही पोचलं नाही.

'सेकंड ॲप्रन' हा शब्द तुम्ही ऐकला असेलच. पगाराची बेरीज त्या रेषेपलीकडे गेली की दोन-तीन छोटे पगार एकत्र करून एक मोठा खेळाडू आणता येत नाही. त्यामुळे 'आपले तीन बेंचवाले द्या आणि त्यांचा स्टार आणा' ही चाहत्यांची लाडकी कल्पना श्रीमंत संघांच्या बाबतीत सरळ बाद होते.

आणि हो, न झालेला ट्रेडसुद्धा संघ मोडतो. २०१९ च्या फेब्रुवारीत डेव्हिससाठी आमच्या जवळपास सगळ्या पोरांची नावं बाजारात होती. इंडियानात ब्रँडन इंग्रम फ्री थ्रोला उभा राहिला आणि अख्खं स्टेडियम ओरडायला लागलं, 'लेब्रॉन तुला विकणार!' तो सामना आम्ही ४२ पॉइंटनी हरलो. ट्रेड त्या मुदतीत झालाच नाही, प्लेऑफ हुकले, आणि डेव्हिस आला तो उन्हाळ्यात. माझ्या मते आमच्या ऑफिसने आधीच थांबायला हवं होतं.

राहिला तुमचा शेवटचा प्रश्न, ओळखायचं कसं आणि कधी. या सीझनपुरतं उत्तर पहिल्या पंधरा सामन्यांत मिळतं: शेवटच्या पाच मिनिटांत मैदानावर कोण पाच जण आहेत आणि त्यांच्यात गेलेल्याचं काम कोण करतोय, तेवढं बघा. पूर्ण हिशोबाला मात्र वर्षं लागतात. २००८ च्या १ फेब्रुवारीला मेंफिसने पाउ गसोल आम्हाला दिला तेव्हा त्याला सर्रास दरोडा म्हटलं गेलं. क्वामी ब्राउन, आणखी दोघे, दोन पिक, आणि यादीच्या शेपटाला पाउच्या धाकट्या भावाचे, मार्कचे हक्क. तोवर एनबीएत एकही सामना न खेळलेला, ड्राफ्टमध्ये ४८ वा. आम्ही २००९ आणि २०१० जिंकलो. मार्क २०१३ ला लीगचा सर्वोत्तम बचावपटू ठरला आणि त्याच वर्षी मेंफिस वेस्टच्या फायनलला पोचलं. पुढे २०१९ च्या फेब्रुवारीत, पुन्हा मुदतीच्या दिवशी, मेंफिसने त्याला टोरँटोला दिलं आणि जूनमध्ये टोरँटो चॅम्पियन. लेकर्सनी पाउची १६ नंबरची जर्सी २०२३ ला निवृत्त केली, मेंफिसने मार्कची ३३ नंबरची २०२४ ला. तेव्हा आम्ही दोनदा जिंकलो म्हणून मेंफिस फसलं, असं मी तरी म्हणणार नाही. आणि मी लेकर्सवाला आहे.