कल चाचणीत इंजिनिअरिंग आलं, पण मुलगी 'माझ्याने होणार नाही' म्हणते. काय करावं?

तुम्ही लिहिलंय की मुलगी गोव्यातल्या साखळी गावची, बारावी सायन्स, गणितात मार्क चांगले, समुपदेशकाच्या कल चाचणीतही इंजिनिअरिंग आलं. तरी तिचं एकच पालुपद: 'माझ्याने होणार नाही, आणि होऊन तरी काय मिळणार?' मी फोंड्याकडे हायर सेकंडरीत गणित शिकवतो. अशी मुलं दरवर्षी भेटतात.

तिच्या बोलण्यात दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मला जमेल का, ही एक. जमलं तर पुढे काय, ही दुसरी. बंडुरा या मानसशास्त्रज्ञाने हा फरक 1977 मध्ये मांडला. 1994 मध्ये लेंट, ब्राऊन आणि हॅकेट यांनी त्यावर करिअर निवडीचा सिद्धांत उभा केला. आवड काय आणि निवड काय, या दोन प्रश्नांच्या उत्तरांवर ठरते. नुसती कुवत पुरत नाही. बेट्झ आणि हॅकेट यांनी 1981 मध्ये अमेरिकेतल्या कॉलेजच्या मुलामुलींना विचारलं होतं. परीक्षेतल्या गुणांत फरक नव्हता, तरी 'पुरुषांची' समजली जाणारी कामं आपल्याला जमतील असं मुलींना कमी वाटत होतं. म्हणून चाचणीचा कागद पुढे करून तुमची मुलगी बधणार नाही.

पहिल्या शंकेचं मूळ आपल्याकडे बऱ्याचदा पाचवीत असतं. चौथीपर्यंत मराठीतून शिकलेलं मूल एकदम इंग्रजीत जाऊन पडतं, उत्तर येत असूनही गप्प बसतं, आणि 'आपण ढ' हे मनात पक्कं करतं. अशांना मी जुना पेपर आणायला सांगतो. परवा एकीचं इंटिग्रेशनचं गणित अचूक होतं, म्हणते, 'सर, ते चुकून आलं.' मग प्रत्येक पायरीला 'हे का केलंस?' विचारत गेलो. सगळी कारणं तिने धडाधड सांगितली. 'तू हुशार आहेस' हे घरच्यांनी शंभरदा सांगून जे होत नाही, ते आपण स्वतः केलेलं दिसलं की होतं. त्याखालोखाल उपयोग होतो तो आपल्यासारख्याच कुणाला पाहून. पण टॉपर नको! तिच्याच शाळेतली, एखादा विषय राहून पुन्हा काढलेली ताई शोधा.

दुसरी शंका मात्र धीर देऊन जात नाही, तिला माहिती लागते. 2012 साली खाणी बंद पडल्या तेव्हा साखळी-डिचोलीकडे ट्रकवाल्यांपासून खाणीतल्या इंजिनिअरांपर्यंत सगळे घरी बसलेले लोकांनी पाहिले. सरकारी नोकरीच खरी, हे तिथून आणखी घट्ट झालं. मुलगी घरात तेच ऐकत असेल तर तिचा प्रश्न रास्तच आहे. वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यांत सुरुवातीला काय काम असतं, पगार किती, हे तिथे लागलेल्यांनाच तिला विचारू द्या. तुम्ही मध्ये बोलू नका.

समुपदेशक बदलायचा तर हे दोन्ही प्रश्न वेगवेगळे विचारणारा बघा, आणि मुलीशी एकटीशी बोलणारा. एवढं करूनही ती 'मला आवडतच नाही' म्हणाली तर विषय सोडा. ते कारण पुरेसं आहे. फर्मागुडीचं इंजिनिअरिंग कॉलेज दाखवायचं झालं तर वर्ग चालू असताना न्या, सुट्टीत नको. लॅबमध्ये मुली काम करताना दिसायला हव्यात.